जोडीदारीणच कसते, पण सातबाऱ्यावर नाव नाही. पुढे काय?

प्रश्न: दोघी बायका, एकत्र संसार, एकत्र शेती. जमीन एकीच्या नावावर, 1 हेक्टर 34 आर, तिने स्वतः घेतलेली, भोगवटादार वर्ग 1 (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता येणारी). दुसरीच्या माहेरी शेती आहे, पण तिचं नाव कुठेच लागलेलं नाही. मृत्युपत्र केलं की भागेल का?

उत्तर 1: नुसत्या मृत्युपत्रावर विसंबू नका. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क नाकारला, म्हणजे वारस म्हणून जोडीदारणीचं नाव लागणार नाही. आणि कूळकायद्याच्या कलम 63 ने शेतजमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याकडे जाऊ शकत नाही. गुजरातेतल्या याच कलमावर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे: मृत्युपत्रानेसुद्धा नाही. म्हणून आधी तिला शेतकरी करा. वडिलांनी हयातीत बक्षीसपत्राने हिस्सा दिला तर मुलीसाठी मुद्रांक फक्त 200 रुपये. फेरफार (नावबदलाची नोंद) मंजूर होऊन तिच्या नावाचा सातबारा निघाला, की मगच पुढची पायरी.

उत्तर 2: वरचं झालं की मृत्युपत्राची नोंदणी करा. सक्तीची नाही, तरी कराच. गट नंबर, क्षेत्र, विहीर, पंप, झाडं सगळं लिहा. "मैत्रीण" एवढंच लिहू नका. पूर्ण नाव, वय, पत्ता हवा. भावाबहिणींना का दिलं नाही, तेही एका वाक्यात लिहा. दोन साक्षीदार वयाने लहान घ्या, पुढे कोर्टात उभे राहावे लागतात. त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. आणि जोडीदारणीने त्या दिवशी कचेरीत पाऊलही ठेवू नये! जिला मिळणार तिनेच पुढाकार घेतला, या एका मुद्द्यावर मृत्युपत्रं संशयात सापडतात.

मृत्युपत्र करणारी गेल्यावर फेरफाराला 15 दिवसांची नोटीस निघते. नातेवाइकांची हरकत येणारच असं धरून चाला. हरकत आली की नोंद विवादग्रस्त होते, सुनावणी मंडळ अधिकाऱ्यांपुढे.

उत्तर 3: मला विचाराल तर शेतकरी दाखला झाल्यावर अर्धा अविभक्त (वाटणी न केलेला) हिस्सा आत्ताच खरेदीखताने द्या. मुद्रांक पूर्ण लागतो, पण दोघी हयात असताना दोन्ही नावं सातबाऱ्यावर येतात. मग आपापल्या अर्ध्या हिस्स्यासाठी मृत्युपत्र दोघींनी वेगवेगळं करायचं, कारण सामाईक नाव असलं तरी एकीचा हिस्सा आपोआप दुसरीकडे जात नाही. कुलमुखत्यारपत्रावर (आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणाऱ्या कागदावर) मात्र राहू नका. देणारी गेली की त्याच क्षणी ते संपतं, मग उभं पीक काढायलाही भाऊबंद आडवे येतात.