चर्चा: कचरा वेगळा करायला शिकण्यासाठी जपानला जाण्याची गरज होती का?

रंकाळाकाठ (धागाकर्ती)

पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकत असताना मी जपानमधील शिकोकू बेटावरच्या कामिकात्सु या डोंगरी गावी दोन महिने प्रशिक्षणार्थी म्हणून राहून आले. परत आल्यापासून कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी येणारा प्रत्येक जण शीर्षकातलाच प्रश्न मला विचारतो. प्रश्न चेष्टेत विचारला जात असला तरी तो रास्त आहे, म्हणून येथे मांडते.

कामिकात्सुची वस्ती जेमतेम दीड हजारांची असून त्यांतले निम्म्याहून अधिक लोक पासष्टीच्या पुढचे आहेत. हे गाव पूर्वी आपला कचरा उघड्यावर जाळत असे. पुढे बसवलेल्या छोट्या भट्ट्या डायॉक्सिन या, कचरा जळताना निघणाऱ्या विषारी द्रव्याविषयीच्या कडक नियमांमुळे बंद कराव्या लागल्या आणि नवी मोठी भट्टी गावाला परवडणारी नव्हती. तेव्हा २००३ साली त्यांनी शून्य कचऱ्याची घोषणा केली. म्हणजे निसर्गप्रेमाइतकाच रिकामा खिसाही या कामाच्या मुळाशी आहे. गावात कचरागाडी फिरत नाही. ओल्या कचऱ्याचे खत ज्याने त्याने घरीच करायचे आणि उरलेला कचरा धुऊन, वाळवून, स्वतः केंद्रावर आणून चाळीसहून अधिक प्रकारांत टाकायचा, असा तिथला रिवाज आहे. ज्या वृद्धांना गाडी चालवता येत नाही, त्यांच्या घरून कचरा नेण्याची वेगळी सोय आहे.

माझे काम बाटल्यांची झाकणे काढण्याचे, लेबले सोलण्याचे आणि म्हाताऱ्या माणसांच्या गाड्यांतून पिशव्या उतरवून घेण्याचे होते. (हे ऐकून आई काय म्हणाली ते येथे लिहीत नाही.) मी राहत होते त्या घरच्या आजी बिस्किटांची रिकामी पाकिटे धुऊन, कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून वाळत घालत. पहिल्या दिवशी मला हसू आले होते. पण मी तिथून घेऊन आले ती गोष्ट आजींची दोरी नव्हे आणि ते चाळीसहून अधिक डबेही नव्हेत. केंद्रातल्या डब्यांवर पाट्या आहेत. त्या डब्यातली वस्तू पुढे कोठे जाते, तिचे काय होते आणि ती देताना गावाला किलोमागे किती येन मिळतात अथवा पदरचे किती येन मोजावे लागतात, हे त्यांवर लिहिलेले असते. आपल्या हातातली वस्तू गावाला किती खर्चात पाडते, हे ती टाकण्याच्या क्षणीच कळले, तर माणसाचा हात थबकतो. हे मी स्वतःच्या हाताबाबत अनुभवले आहे आणि त्यासाठी जाणे योग्य होते असे माझे मत आहे.

बावडेकर

ताई, आपला अनुभव मनापासून लिहिलेला आहे, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. कोल्हापूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे साडेपाच लाख होती. त्याशिवाय अंबाबाईच्या दर्शनाला येणारे भाविक, खोल्या करून राहणारे विद्यार्थी आणि आठवडी बाजाराला येणारी माणसे वेगळीच. दीड हजार माणसांच्या गावात कोण काय टाकतो हे शेजाऱ्याला ठाऊक असते, त्यामुळे लाजेकाजेस्तव का होईना, शिस्त पाळली जाते. आमच्या कसबा बावड्यातला कचऱ्याचा ढीग रात्रीतून येऊन पिशवी भिरकावणाऱ्यांनी वाढवलेला नाही. घराघरातून रीतसर गोळा झालेलाच कचरा तेथे येतो.

दुसरे असे की, आपल्या त्या गावाने २०२० पर्यंत कचरा शून्यावर आणण्याचे ठरवले होते आणि तसे झाले नाही, हेही आपण लिहायला हवे होते. पाहुण्याला घराची दर्शनी खोलीच दाखवतात.

पुठ्ठा-पत्रा

माझ्या वडिलांचे भंगाराचे दुकान आहे, म्हणून हा धागा वाचताना मला हसावे की रागवावे ते कळेना. ज्या पाटीसाठी आपण समुद्र ओलांडला, ती आमच्या दुकानाच्या फळीवर माझ्या जन्माच्या आधीपासून खडूने लिहिलेली आहे: रद्दी, पुठ्ठा, पत्रा, बीड (ओतीव लोखंड), तांबे, पितळ, दुधाची पिशवी, कडक प्लास्टिक. प्रत्येकाचा दर वेगळा असतो आणि तो बदलला की आदला पुसून नवा लिहिला जातो. आमच्याकडे माल निवडायला येणाऱ्या मावशी पिशवी हातात चुरगाळून नुसत्या आवाजावरून ती कोणत्या प्लास्टिकची आहे ते सांगतात. त्यांना कोणी प्रशिक्षणार्थी म्हणत नाही आणि त्यांना प्रमाणपत्रही मिळत नाही. दोन महिने त्यांच्या शेजारी पोत्यावर बसला असता तर विमानाचे तिकीट वाचले असते. पण ते परिचयपत्रात लिहायला तितके शोभले नसते, हे मी समजू शकते.

रंकाळाकाठ

शेवटचे वाक्य लागले, आणि त्यात खोटे काही नाही. भंगाराच्या दुकानात जाऊन बसावे असे मला किंवा माझ्या शिक्षकांपैकी कोणालाही सुचले नाही, हा दोष मान्य करते.

बावडेकर काका, २०२० चे उद्दिष्ट हुकले हे खरे आहे आणि ते लिहायचे राहून गेले. कामिकात्सुचा सुमारे ऐंशी टक्के कचरा पुनर्वापराला जातो. जपानचे सरासरी प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास आहे. उरलेला कचरा राहतो, कारण कारखान्यांतून वस्तूच अशा बाहेर पडतात की त्यांचे पुढे काही करता येत नाही. दोरीवर पाकीट वाळवणाऱ्या आजींचा त्यात काय दोष?

पुठ्ठा-पत्रा, तुमच्या वडिलांची पाटी आणि तिथली पाटी यांत मला एक भेद दिसतो. दुकानाच्या फळीवर विकत घेतल्या जाणाऱ्या वस्तूच लिहिलेल्या असतात, आणि ते बरोबरच आहे, कारण तो धंदा आहे. वेफर्सची चकचकीत पाकिटे, शाम्पूच्या पुड्या, बाळाचे डायपर ही नावे त्या फळीवर कधीच येत नाहीत. तिथे मात्र या वस्तूंवरही पाटी असते आणि त्यांच्यावर गावाचा किती पैसा जातो हे लिहिलेले असते. आपल्या शहरात ज्या मालाला गिऱ्हाईक नाही, त्याचा हिशेब कोणत्याही फळीवर नाही. तो बावड्याच्या ढिगावर जाऊन पडतो.

शिरोळकर

२००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर पाहिलेल्या शिरोळ तालुक्यातून लिहितो आहे. २०१९ मध्ये पाणी ओसरल्यावर प्रत्येक दारात भिजून फुगलेल्या गाद्या, कुजलेले धान्य, चिखल माखलेली मुलांची पुस्तके आणि शेतात अडकलेले प्लास्टिक एकाच ढिगात पडलेले होते. त्या वेळी चाळीस डबे सोडा, दोन ढीग वेगळे करायलाही माणसाच्या अंगात त्राण नव्हते. हे धागाकर्तीच्या विरोधात लिहीत नाही. मोजून मापून टाकण्याची गोष्ट करताना नदीकाठचे ते चार आठवडेही हिशेबात धरावेत, एवढेच म्हणणे आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. प्रवासखर्च स्वतः उचलावा लागला असेल, तर अशा ठिकाणी कोणाची मुले जातात? शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी केली, कारण बुद्धी असूनही शहरात राहण्याची ऐपत नसलेली मुले शिक्षणाबाहेर राहत होती. परदेशातले हे शिक्षण खरोखर मोलाचे असेल, तर तिथे पुठ्ठा-पत्रा यांना पाठवायला हवे होते. पाट्यांवरचे दर बघून पहिल्याच दिवशी त्यांनी चार खोचक प्रश्न विचारले असते.

बावडेकर

शिरोळकरांशी सहमत आहे, पण मूळ मुद्दा पुन्हा मांडतो. ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करावा, हे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत लिहिलेले होतेच. ज्ञानाची उणीव नव्हती. आमच्या सौभाग्यवतींनी दोन वर्षे निष्ठेने दोन बादल्या ठेवल्या. एके सकाळी दोन्ही बादल्या गाडीच्या एकाच हौद्यात उपड्या होताना त्यांनी पाहिल्या आणि त्या दिवसापासून घरात पुन्हा एकच बादली आहे. आता आपली पाटी आमच्या स्वयंपाकघरात लावली, तर त्या ती वाचतील आणि बाजूला ठेवतील.

रंकाळाकाठ

काका, काकूंना मी काही सांगू शकत नाही. मीही तेच केले असते.

गल्लीत काय केले तेवढे सांगते. आमच्या गल्लीतल्या चौदा घरांनी महिनाभर सुका कचरा गाडीत न देता आमच्या दारी आणून दिला. जे विकले जाते ते विकले आणि आलेले पैसे निवडायला येणाऱ्या बाईंना दिले. जे कोणीही घेतले नाही, ते एका पोत्यात भरून त्यावर कोणाच्या घरून काय आले याची यादी चिकटवली. ते पोते सध्या आमच्या जिन्याखाली आहे. गेल्या आठवड्यात गल्लीतल्या दोघीजणी यादीत आपले नाव कितव्यांदा आहे ते बघून गेल्या, आणि एकीने वेफर्सऐवजी बेकरीतून कागदी पुडीत खारी आणायला सुरुवात केली आहे. पोत्याचे पुढे काय करायचे हे मला सुचलेले नाही.

पुठ्ठा-पत्रा

ते पोते कोणाला देऊ नका. रविवारी सकाळी आमच्याकडच्या मावशींना घेऊन येते. तुम्ही निरुपयोगी म्हणून भरलेल्या मालातली निदान पाव भाग वस्तू त्या बाजूला काढतील, अशी माझी पैज आहे. उरलेल्याची यादी मात्र मला हवी, वडिलांच्या फळीच्या मागच्या बाजूला जागा रिकामी आहे.