बाळासाठी फ्लॅनेलचा पायजमा
प्रश्न: सोलापुरात थंडी मोजकीच असली, तरी पहाटेच्या गारव्यासाठी आठ महिन्यांच्या नातवाला फ्लॅनेलचा पायजमा घरीच शिवायचा आहे, कापड आधी धुवावे का?

उत्तर १: अवश्य धुवावे. सुती फ्लॅनेल पहिल्या धुण्यात आटते, म्हणून ते धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच बेतावे.

उत्तर २: अंगाला नीट बसणारा जुना पायजमा कागदावर ठेवून माप काढावे, मात्र मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच ठेवावी, म्हणजे डायपरला जागा मिळते आणि रांगताना कंबर खाली घसरत नाही. नाडी लावूच नये. मऊ इलॅस्टिक पुरते.

उत्तर ३: धागे सुटतात, त्यामुळे कडा दुमडून शिवाव्यात. घरातल्या जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा वापरण्याचा मोह (आमच्याकडे तो सर्वांनाच होतो) टाळावा, कारण तिची जाड वीण बाळाच्या त्वचेला टोचते.