मदत हवी आहे: एकाच ग्रुपचे फोटो डाउनलोड होणं थांबवता येतं का?

नमस्कार मंडळी, इंदूरहून विचारतेय. सासूबाईंचा अँड्रॉइड फोन सारखा भरतो. भजनी मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. उजाडल्यापासून सुप्रभात, गणपती, शिवाय पोहे-जिलेबीच्या प्लेटीसुद्धा! ग्रुपच्या माहितीत जाऊन 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद केली. गॅलरी स्वच्छ झाली, जागा मात्र जाते तेवढीच जाते. ऑटो-डाउनलोड बंद करावं तर ते सगळ्याच चॅटना लागू. मग नातवाचा फोटो आपोआप दिसला नाही की फोन माझ्या हातात आलाच. 'मॅनेज स्टोरेज'मधून ५ एमबीच्या वरचे व्हिडिओ अधूनमधून काढते, पण ते किती पुरणार?

ग्रुपवर ७ दिवसांनी आपोआप पुसले जाणारे 'डिसअपिअरिंग मेसेज' लावले, तर आधीच डाउनलोड झालेले फोटोही फोनमधून जातात का? कुणी करून पाहिलंय? ग्रुप सोडायला सांगू नका, अभंगांचे शब्द तिथेच येतात.