ट्रायपॅनोसोममधील आरएनए-संपादन रोखणारी संयुगे: खरी आणि आभासी कशी ओळखावीत?

प्रश्न: निद्रारोगाचा परजीवी ट्रायपॅनोसोमा ब्रुसेई याच्यातील आरएनए-संपादन लायगेज (आरएनएमध्ये अक्षरे घालून-वगळून होणाऱ्या संपादनात तुकडे जोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम) रोखणारी संयुगे शोधण्यासाठी आम्ही ३८४ कप्प्यांच्या प्लेटवर प्रतिदीप्ती-चाचणी (फ्लुओरेसन्स मोजणारी) घेत आहोत. झेड-प्राइम (चाचणीचा दर्जा दाखवणारा आकडा) ०.५ च्या वर असूनही दुसऱ्या फेरीत बहुतेक संयुगे गळतात, आणि जी टिकतात ती परजीवी नेमकी याच विकरामुळे मारतात का, हे सांगता येत नाही. पुढील पडताळणी कोणत्या क्रमाने करावी?

उत्तर १: झेड-प्राइममुळे चाचणीची सुबकता कळते, संयुगाची सचोटी नव्हे. प्रथम ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० (गुठळ्या मोडणारे अपमार्जक) घालून तीच मोजणी पुन्हा करा. परिणाम नाहीसा झाला, तर संयुगाच्या गुठळ्याच विकराला अडवत होत्या. विकराविना केवळ रंजकासोबतही मोजा, कारण काही संयुगे प्रतिदीप्ती स्वतःच शोषून घेतात. आरएनएला सरसकट चिकटणारी संयुगे ओळखण्यासाठी मात्र असंबंधित आरएनए-विकरावरची समांतर चाचणी अनिवार्य समजावी.

उत्तर २: याहून निर्णायक कसोटी पेशीत आहे. रक्तातील अवस्थेच्या ट्रायपॅनोसोमला आरएनए-संपादन लागते, ते मुख्यतः एटीपी सिंथेज या मायटोकॉन्ड्रियातील विकराच्या ए६ उपघटकासाठी. परंतु त्याच विकराच्या गॅमा उपघटकात २६२ व्या स्थानी ल्युसीनऐवजी प्रोलीन आल्यास परजीवी कायनेटोप्लास्टविनाही (मायटोकॉन्ड्रियातील डीएनएविनाही) जगतो, म्हणजे त्याला संपादन लागत नाही. मूळ आणि उत्परिवर्तित, दोन्ही वाणांवर संयुग वापरून पाहा. दोन्ही सारखेच मेले, तर मृत्यूचे कारण संपादन नाही, हे मान्य करावे लागते, मग नळीतील आकडे कितीही आकर्षक असोत. शिवाय पेशी मरू लागण्यापूर्वीच संपादित आणि असंपादित ए६ आरएनएचे गुणोत्तर मोजा, कारण मरणाऱ्या पेशीत सर्वच आरएनए घटतो.

उत्तर ३: लक्ष्य निश्चित करण्याचा एक नमुना सांगतो. अकोझिबोरोल या निद्रारोगावरील औषधाचा परिणाम आधी संपूर्ण परजीवीवर दिसला. ते सीपीएसएफ३ या एमआरएनए-प्रक्रियेतील एंडोन्यूक्लिएजवर (आरएनए कापणाऱ्या विकरावर) काम करते, हे २०१८ मध्ये स्पष्ट झाले. क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने त्या प्रथिनातील २३२ व्या स्थानचे एकच ॲस्पराजीन हिस्टिडीनमध्ये बदलताच प्रतिकार वाढला. तसा प्रतिकारक बदल आपल्या लायगेजमध्ये घडवता आला, तर त्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

प्रश्नकर्ता: उत्परिवर्तित वाणाची कल्पना आम्हाला सुचली नव्हती. टिकलेली संयुगे आता प्रथम त्यावरच तपासू.