चॅनल ३ रिकामा दिसला तरी घेऊ नका

मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी वायफाय रखडतं म्हणून ताईंनी विचारलं, आणि त्यांना 'चॅनल ३ रिकामा आहे, तो लावा' असा सल्ला मिळालाय. ताई, तो कृपया लावू नका. चॅनल म्हणजे राउटर ज्या लहरींवर बोलतो ती जागा. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनल ५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर आहेत, पण राउटर जागा घेतो २० ची. ३ वर गेलात की १ वाल्यांचाही गोंगाट तुमच्या माथी, ६ वाल्यांचाही. शेजाऱ्याच्याच चॅनलवर असलात तर निदान दोन्ही राउटर एकमेकांची चाहूल घेऊन आळीपाळीने बोलतात.

म्हणून एकमेकांवर न चढणारे १, ६ किंवा ११. रुंदी २० च ठेवा. आसपासचे वायफाय दाखवणाऱ्या अ‍ॅपने स्कॅन रात्री सगळे घरी असताना करा, आणि नुसती नावं मोजू नका, सिग्नलची ताकद बघा. ती उणे आकड्यात (dBm) दिसते, शून्याच्या जितकी जवळ तितका सिग्नल जोरदार. उणे ८५ वाले लांबचे चार परवडतात, भिंतीपलीकडचा उणे ४५ वाला एकटा भारी पडतो.

आणि आपल्याकडे कूलरचं काय, ते कुणीच विचारलं नाही! त्याचा पत्रा सिग्नल परतवतो, टाकीतलं पाणी शोषून घेतं. उन्हाळ्यात राउटर कूलरच्या आड आला असेल तर चॅनल बदलून काडीचा फरक पडणार नाही. आधी राउटर तिथून हलवा, उंचावर ठेवा.

टीव्ही, लॅपटॉप वायफायच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर टाका, चॅनल ३६ ते ४८ मधला. ५२ ते ६४ नको. तिथे रडार जाणवलं की राउटरला चॅनल सोडावाच लागतो आणि चालू कॉल तुटू शकतो.