सिमिलॅरिटी व्हेरिएबल नेमका येतो कुठून? ब्लासियस आणि हीट इक्वेशन

गोदाकाठ_मॅथ्स:
नमस्कार सगळ्यांना. एमएस्सी मॅथ्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नाशिकलाच. फ्लुइड डायनॅमिक्समध्ये ब्लासियसच्या सोल्युशनपाशी अडकलेय. सपाट प्लेटवरचा फ्लो, प्रांटलची बाउंड्री लेयरची (प्लेटला लागून असलेल्या पातळ थराची) इक्वेशन्स, इथवर सगळं नीट कळतंय, मग पुस्तक एकदम म्हणतं की ईटा = वाय गुणिले √(यू भागिले न्यू एक्स) घ्या (हाच सिमिलॅरिटी व्हेरिएबल; यू बाहेरचा वेग, न्यू कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी), आणि पुढच्या ओळीत दोन व्हेरिएबलची पीडीई (पार्शल डिफरन्शियल इक्वेशन) जाऊन एका व्हेरिएबलची ओडीई (ऑर्डिनरी डिफरन्शियल इक्वेशन) येते. मी हाताने करून पाहिलं, सगळं बरोबर कॅन्सल होतं, त्यात शंका नाही. पण हा ईटा सुचतो कसा? हीट इक्वेशनलाही तसंच, एक्स भागिले √टी आकाशातून पडल्यासारखं येतं. पेपरात वेगळंच इक्वेशन आलं तर मी काय घ्यायचं? आणि प्रत्येक पीडीईला हे चालतं का, नसेल चालत तर आधीच ओळखायचं कसं? पाठ नाही करायचंय मला, प्लीज कोणीतरी मुळापासून सांगा.

फळा_खडू:
ईटा इक्वेशनमधूनच काढता येतो, अंदाज लावावा लागत नाही. हीट इक्वेशन घे. यू चा टी-डेरिव्हेटिव्ह = डी गुणिले यू चा एक्समधला दुसरा डेरिव्हेटिव्ह. इथे यू म्हणजे तापमान किंवा कॉन्सन्ट्रेशन, आणि डी म्हणजे डिफ्युसिव्हिटी, ते किती पटकन पसरतं ते सांगणारा आकडा. आता एक्सला ए ने गुण आणि टी ला ए च्या बी व्या घाताने गुण, ए म्हणजे कुठलाही धन आकडा. डावीकडे ए चा उणे बी घात बाहेर पडतो, उजवीकडे उणे दोन घात, दोन्ही सारखे हवेत म्हणून बी = २. म्हणजे लांबी दुप्पट आणि वेळ चौपट केली तर इक्वेशन जसंच्या तसं राहतं.

मग कंडिशन्स तपासायच्या, आणि ही पायरी मुलं हमखास सोडतात. एका बाजूने अनंत लांब सळई, सुरुवातीला सगळीकडे शून्य, टोकाला एकदम १ आणि कायम १, फार लांबवर शून्यच. यातल्या एकाही कंडिशनला तो बदल जाणवत नाही. इक्वेशन तेच, कंडिशन्स त्याच आणि सोल्युशन एकच, तर मग सोल्युशनही बदलता कामा नये, आणि ए कितीही घेतला तरी न बदलणारं एक्स-टी चं कॉम्बिनेशन म्हणजे एक्स भागिले √टी, किंवा मग त्याचंच फंक्शन. डी घालून डायमेन्शन काढून टाकलं, सोयीसाठी खाली २ घेतला की ईटा = एक्स भागिले २√(डी टी), यू = एफ(ईटा) धरून ओडीई होते एफ'' + २ ईटा एफ' = ० आणि उत्तर कॉम्प्लिमेंटरी एरर फंक्शन, म्हणजे १ उणे एरर फंक्शन.

आता तुझा दुसरा प्रश्न, कधी चालतं. बघ, मूळ कंडिशन्स तीन होत्या आणि ओडीई दुसऱ्या ऑर्डरची, तिला दोनच लागतात. टी = ० आणि एक्स अनंत या दोन्ही ठिकाणी ईटा अनंत होतो आणि दोन्हीकडे व्हॅल्यू शून्यच आहे म्हणून त्या एकात मिसळल्या. त्या मिसळल्या नसत्या तर सगळा खेळ तिथेच संपला असता. सळई एल लांबीची असेल तर प्रॉब्लेममध्ये स्वतःची एक लांबी आली, एल ला ए ने गुणून चालत नाही, सिमिलॅरिटी गेली. तरी सुरुवातीच्या काळात, √(डी टी) हे एल पेक्षा खूप लहान असेपर्यंत, एरर फंक्शनवालं उत्तर छान चालतं कारण दुसऱ्या टोकाला अजून काही पोचलेलंच नसतं.

डी कॉन्सन्ट्रेशनवर अवलंबून असला तरी हे टिकतं, कारण आपण यू ला हातच लावला नाही. बोल्ट्झमनने १८९४ मध्ये हेच केलं होतं.

ब्लासियसलाही हीच रीत. एक्सला ए ने, वाय ला √ए ने आणि स्ट्रीम फंक्शनलाही (ज्याच्या डेरिव्हेटिव्हमधून वेग मिळतो) √ए ने गुण, इक्वेशन तसंच राहतं, बाहेरचा वेग यू बदलत नाही, आणि प्लेट पुढे अनंत असल्यामुळे लांबी कुठेच नाही. न बदलणारं काय? वाय भागिले √एक्स. उरलेले न्यू आणि यू डायमेन्शन जुळवायला येतात. प्रांटलने बाउंड्री लेयर १९०४ मध्ये मांडली आणि त्याच्याच विद्यार्थ्याने, ब्लासियसने, १९०८ मध्ये हे सोडवलं.

सातपूर_फर्नेस:
सरांनी गणित सांगितलं, मी कामावरचं सांगतो. आमच्याकडे गिअर कार्ब्युराइज करतात, ९२० ते ९३० डिग्रीला भट्टीत ठेवून पृष्ठभागातून कार्बन आत जाऊ द्यायचा, हेच ते डिफ्युजन. त्या तापमानाला स्टीलमध्ये कार्बनचा डी साधारण १० चा उणे ११ घात चौरस मीटर प्रति सेकंद या रेंजमध्ये असतो, चार तास म्हणजे १४,४०० सेकंद, √(डी टी) काढला तर ०.४ मिलिमीटरच्या जवळ येतं, आणि केस डेप्थ, म्हणजे कार्बन शिरलेल्या थराची खोली, याच्या काही पट पण याच प्रमाणात मिळते. कस्टमर म्हणतो केस डेप्थ डबल करा, नवीन पोरांना वाटतं वेळ डबल, पण वेळ चौपट लागते आणि गॅस आणि विजेचं बिलही त्याच हिशोबाने चढतं. तुझा एक्स भागिले √टी शॉपवर असा रोज भेटतो.

गिअरचा दात काही मिलिमीटर जाड, त्यामुळे मधल्या स्टीलला काही पत्ताच लागत नाही, अनंत सळई धरली तरी चालते. पातळ वॉशर असेल तर दोन्ही बाजूंचा कार्बन मध्ये भेटतो, तिथे हा हिशोब धरू नये. आणि आधी कार्बन पोटेन्शियल (भट्टीतल्या गॅसची कार्बन द्यायची ताकद) जास्त, नंतर कमी असं केलं तर टोकाची व्हॅल्यूच वेळेनुसार बदलते, मग एकच एरर फंक्शन पुरत नाही.

गोदाकाठ_मॅथ्स:
सर, दादा, खूप खूप थँक्यू, ए ने गुणायची गोष्ट एकदम क्लिक झाली. अजून दोन विचारते. एक, ब्लासियसची एफ''' + ½ एफ एफ'' = ० सोडवताना एफ''(०) माहीत नसतं म्हणून शूटिंग (अंदाजे व्हॅल्यू धरून पुन्हा पुन्हा सोडवणं) करत बसावं लागतं, ०.३३२ येईपर्यंत, त्याला काही सोपा रस्ता? दुसरं, टोकाला तापमान ठरलेलं नसून उष्णतेचा फ्लक्स (उष्णता आत-बाहेर जायचा दर) ठरलेला असेल तर?

फळा_खडू:
पहिल्याचं उत्तर फार सुंदर आहे, मला स्वतःला हे शिकवायला सगळ्यात जास्त आवडतं. ओडीईलाही तेच स्केलिंग लाव. एफ(ईटा) = ए गुणिले जी(ए ईटा) घेतलं तर पहिल्या टर्ममधून ए चा चौथा घात निघतो आणि दुसरीतूनही चौथाच, म्हणजे जी सुद्धा तेच इक्वेशन पाळतो. मग जी''(०) = १ धरून फक्त एकदा पुढे इंटिग्रेट कर. खूप लांब गेल्यावर जी' २.०८५४ ला स्थिरावतो. आपल्याला एफ' अनंतावर १ हवा, म्हणून ए = १ भागिले √२.०८५४, आणि एफ''(०) = ए चा घन = ०.३३२. हे टॉप्फरने १९१२ मध्ये दाखवलं, एकदाच शूट करायचं आणि नेम बरोबर बसतो. करून बघ, रुंगे-कुट्टाच्या (ओडीई पायरीपायरीने सोडवायची रीत) छोट्या प्रोग्राममध्ये होतं.

दुसऱ्याचं थोडक्यात: फ्लक्स ठरलेला असेल तर ईटा तोच राहतो, पण यू = √टी गुणिले एफ(ईटा) घ्यायचं. एक्समधला डेरिव्हेटिव्ह घेताना खाली √टी येतो, पुढच्या √टी ने तो कटतो आणि फ्लक्स वेळेवर अवलंबून राहत नाही. पृष्ठभागाचं तापमान मग √टी ने बदलतं.

निफाड_द्राक्ष:
फ्लक्सवालं मी पुढे नेतो, कारण आम्ही ते डिसेंबर-जानेवारीत बागेत उभं राहून बघतो. सूर्य मावळला, आभाळ निरभ्र, वारा पडलेला, की जमिनीतून उष्णता जवळजवळ एकसारख्या दराने बाहेर जाते. हा फ्लक्स रात्रभर कायम धरून ब्रंटने १९३२ मध्ये तापमान √टी ने घसरतं असं मांडलं. बारा तासांची रात्र धरा, पहिल्या तीन तासांतच निम्मी घसरण होऊन जाते आणि शेवटच्या तीन तासांत जेमतेम १३ टक्के उरते. पण आमच्या निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा तापमानाचा आकडा चार-पाच डिग्रीवर आला की तेवढ्यातच द्राक्षाचे मणी तडकायची भीती असते, म्हणून पहाटे शेकोट्या आणि धूर.

अजून एक. त्या फॉर्म्युल्यात घसरण ही √(कंडक्टिव्हिटी गुणिले डेन्सिटी गुणिले स्पेसिफिक हीट) च्या उलट प्रमाणात येते. ओल्या मातीत हा गुणाकार मोठा असतो, म्हणजे ओली जमीन कमी गार पडते. थंडीची लाट असली की बागेला पाणी द्या असं जुने शेतकरी सांगतात, त्याचं हे एक मोठं कारण.

गोदाकाठ_मॅथ्स:
बापरे, भारीच! पण दादा, एक रात्र न घेता दिवस-रात्र असं चक्रच धरलं तर सिमिलॅरिटी जाईल ना? २४ तास हा स्वतःचा वेळ आला की प्रॉब्लेममध्ये.

फळा_खडू:
जाते, बरोबर ओळखलंस. २४ तास आले की त्यातून एक लांबीही तयार होते, √(अल्फा गुणिले पिरियड भागिले पाय), अल्फा म्हणजे उष्णतेसाठीचा तोच डी. मातीचा अल्फा ५ गुणिले १० चा उणे ७ घात चौरस मीटर प्रति सेकंद घेतला तर ती १२ सेंटिमीटरच्या आसपास येते. दर १२ सेंटिमीटरला चढ-उतार साधारण ३७ टक्के उरतो आणि शिवाय उशिरा पोचतो. ते सोडवायला यू = ई चा आय ओमेगा टी घात गुणिले एफ(एक्स) घे, तिथेही ओडीईच मिळते, आणि ती तर ब्लासियसपेक्षा खूपच सोपी आहे.