मदत हवी आहे: घाटात गरम होणारी जुनी एसयूव्ही आणि एअरबॅगचा दिवा

गाडी २०१३ची, डिझेल, मॅन्युअल, १ लाख ४० हजार किमी. आठ महिन्यांपूर्वी सेकंडहँड घेतली. नाशिकात फिरताना काही त्रास नाही. मुंबईहून परतताना कसारा घाट चढायला लागलो की मात्र तापमानाचा काटा लालजवळ जातो. पंधरवड्याला अर्धा लिटर कूलंट कमी होतं, पण गाडीखाली एक थेंब दिसत नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला पांढरा धूर, त्याला गोडसर वास. डिपस्टिकवर ऑइल काळंच आहे, कूलंट मिसळल्यासारखं दुधाळ नाही.

थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचं झाकण बदललं, रेडिएटर साफ करून घेतला. फॅन वेळेवर लागतो. मेकॅनिक थेट हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवायचं म्हणतोय.

शिवाय एअरबॅगचा दिवा सतत पेटलेला आहे आणि स्टिअरिंग वळवताना हॉर्न मधूनच बंद पडतो, म्हणून क्लॉक स्प्रिंगचा (स्टिअरिंगमधून हॉर्न-एअरबॅगला जोडणारी वायरची गुंडाळी) संशय आहे. इंजिनापेक्षा मला याचीच धास्ती जास्त, कारण धडकेत एअरबॅग उघडेल याची खात्री नाही. गाडी तूर्त घाटात नेत नाही.

हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलंय की ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर कूलंटने थंड करणारा भाग) फुटलाय, हे हेड न उतरवता कसं ठरवायचं? आणि अंबड-सातपूरकडे कूलंटची प्रेशर टेस्ट व एअरबॅगचे कोड वाचणारा स्कॅनर, दोन्ही असलेलं खात्रीचं गॅरेज कोणतं?